मधली जागा: तेलाचा दाब, बेअरिंगची मोकळीक आणि मोजमापाचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही नेहमीच्या श्रोत्यांनी विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. बेअरिंग आणि ऑईल पंप तुमच्याकडे कुठून आले?" प्रश्न रास्त आहे. ज्ञान म्हणजे काय, खुणेवरून वस्तूकडे आपण कसे पोचतो, आणि ती वाट कुठे चुकते, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. जुन्या मोटारीचं इंजिन नव्याने बांधणारा माणूस हेच प्रश्न हातात मायक्रोमीटर घेऊन सोडवत असतो. फरक एवढाच की आमच्या वर्गात उत्तर चुकलं तर दोन गुण जातात. त्याचं चुकलं तर क्रँकशाफ्ट जातो.

आधी विषय नीट मांडतो, म्हणजे ज्यांनी इंजिन उघडं पाहिलेलं नाही त्यांनाही बरोबर येता येईल. पिस्टन वरखाली होतो, त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्ट फिरवतो. क्रँकशाफ्टचे जे गोल, गुळगुळीत भाग बेअरिंगमध्ये बसतात त्यांना जर्नल म्हणतात. जर्नल लोखंडी, म्हणजे पोलादाचं किंवा ओतीव. बेअरिंग त्याहून मऊ धातूचं. या दोघांच्या मध्ये थोडी जागा ठेवलेली असते आणि त्या जागेत तेल असतं. ही जागा किती? जुना ठोकताळा असा की जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच. वर्कशॉपमध्ये याला 'थाऊ' म्हणतात. दोन इंचाचं जर्नल असेल तर दोन थाऊ, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढी मोकळीक. आजचं सगळं व्याख्यान या केसभर जागेबद्दल आहे.

आता डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा काटा आठवा. तो चाळीस पौंड दाखवत असेल तर गाडीचा मालक निश्चिंत असतो. दहावर आला की त्याला घाम फुटतो. माझ्या वयाच्या माणसांना 'दाब' या शब्दाने जे होतं तेच, फक्त इथे उलटं. मालकाच्या मनात चित्र असं असतं की पंप तेलाला दाबतो, दाबलेलं तेल क्रँकशाफ्टला उचलून धरतं, म्हणून धातूला धातू लागत नाही. हे चित्र इतकं सरळ आहे की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. पण साधा हिशोब करून पाहू.

समजा पिस्टनचं क्षेत्रफळ साडेसहा चौरस इंच आहे. अँबेसेडरच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात ते साधारण तेवढंच भरतं. इंधन पेटतं तेव्हाचा दाब दर चौरस इंचाला सहाशे पौंड धरू. म्हणजे रॉडवर क्षणभर सुमारे ३,९०० पौंडांचा भार येतो. हा भार ज्या बेअरिंगवर पडतो त्याची छाया, म्हणजे व्यास गुणिले रुंदी, दोन चौरस इंचाच्या आसपास. पंपाचा दाब साठ पौंड धरला तर पंप उचलून उचलून किती उचलणार? १२० पौंड. ३,९०० पौंडांचा भार आणि १२० पौंडांचा आधार. तरीही ते बेअरिंग हजारो मैल टिकतं. मग भार पेलतंय कोण?

या प्रश्नाचं उत्तर मिळायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि त्यासाठी आधी ती केसभर जागा मोजता यावी लागली. म्हणून इतिहासाकडे वळू.

जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ साली घेतलं, पण पुढची काही वर्षं ते इंजिन नीट चाललं नाही. कारण सिलिंडर खऱ्या अर्थाने गोल करता येत नव्हता. पिस्टन आणि सिलिंडर यांच्या फटीतून वाफ निसटायची. चिंध्या, कॉर्क, काय काय कोंबून पाहिलं. तोडगा काढला जॉन विल्किन्सन या लोखंडवाल्याने. तोफांच्या नळ्या पोखरण्याच्या यंत्राचं पेटंट त्याच्याकडे होतं. त्यानंतर त्याने सिलिंडरसाठी असं यंत्र केलं की कापणारा दांडा सिलिंडरच्या आरपार जाई आणि त्याला दोन्ही टोकांना आधार असे. दांडा लचकत नसे, म्हणून भोक सरळ पडे. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने १७७६ साली समाधानाने कळवलं की पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही.

हे वाक्य माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. चूक किती हे सांगायला बोल्टनकडे खिशातलं नाणं होतं, आकडा नव्हता. आपल्याकडेही 'केसभर', 'सूतभर', 'तीळभर' म्हणतात. वस्तूला वस्तूची उपमा द्यायची. आकडा यायला मोजण्याचं साधन लागतं, आणि ते साधन खरं आहे की नाही हे तपासायला आणखी एक साधन.

ती साखळी पुढच्या पिढीत तयार झाली. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या बाकावर एक स्क्रूचा मायक्रोमीटर ठेवला होता. तो इंचाचा दहा हजारावा भाग दाखवायचा. कारखान्यात मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल त्याचा, म्हणून त्याचं नाव पडलं 'लॉर्ड चॅन्सलर'. त्याच्यावर अपील नाही! मॉडस्लेच्या हाताखाली तयार झालेला जोसेफ व्हिटवर्थ आणखी पुढे गेला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने इंचाचा दशलक्षावा भाग ओळखणारं यंत्र मांडलं. त्याच दशकात तो कारागिरांना सांगत होता की इंचाचे अर्धे, पाव, सोळावे भाग पुरे झाले, आता हजारांशात बोला. 'थाऊ' हा शब्द कारखान्याच्या बोलीत रुळला तो या वळणावर. आज पुण्या-कोल्हापुरातल्या क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात कुणी "दहा थाऊ काढले" म्हणतो, तेव्हा तो व्हिटवर्थची भाषा बोलत असतो.

आता तेलाकडे येऊ. १८३९ साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट याने बेअरिंगच्या एका रचनेचं पेटंट घेतलं. त्यात कथील मुख्य, सोबत अँटिमनी आणि तांबं असा मिश्रधातू होता. हा 'व्हाइट मेटल' मऊ असतो. कचरा आला तर तो आत रुतवून घेतो, आणि तेल तुटलं तर जर्नलला खाण्याऐवजी स्वतः वितळतो. वर्कशॉपमध्ये "मेटल गेलं" म्हणतात ते हेच. बेअरिंगने स्वतःचा बळी देऊन क्रँक वाचवावा, ही योजना इथून आली.

पण तेल नेमकं काय करतं हे अजून कुणाला माहीत नव्हतं. रेल्वे धावत होती, आसाला तेल घातलं जात होतं, आस तापत होते. इंग्लंडच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा अभ्यास करायला समिती नेमली आणि प्रयोगाचं काम बोशँप टॉवर या अभियंत्याला दिलं. त्याने चार इंच व्यासाचं, सहा इंच लांबीचं जर्नल घेतलं. खालून ते तेलाच्या कुंडात बुडलेलं, वरून त्यावर पितळी अर्धं बेअरिंग ठेवलेलं आणि त्या बेअरिंगवर भार टाकलेला. १८८३ साली त्याचा पहिला अहवाल आला.

त्यातली एक घटना अशी. टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर अर्ध्या इंचाचं भोक पाडलं. वरून तेल घालायला असं भोक ठेवायची रीतच होती. यंत्र चालू केलं तर तेल त्या भोकातून आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं! पसारा होऊ नये म्हणून त्याने कॉर्कचं बूच मारलं. बूच उडालं. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही वर ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे दाबमापक जोडला. मापक दोनशे पौंडांपर्यंतचा होता आणि काटा त्याच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र दर चौरस इंचाला शंभर पौंडच होता.

लक्षात घ्या, या यंत्राला तेलाचा पंपच नव्हता. कुंडातलं तेल जर्नलला चिकटून वर येत होतं, एवढंच. तरी आत दोनशेच्या वर दाब. तो आला कुठून?

टॉवर थांबला नाही. १८८५ च्या दुसऱ्या अहवालासाठी त्याने बेअरिंगमध्ये ठिकठिकाणी भोकं पाडून प्रत्येक जागेचा दाब मोजला आणि त्या सगळ्यांची बेरीज केली. वर टाकलेला भार होता ८,००८ पौंड. तेलाच्या दाबाची बेरीज आली ७,९८८ पौंड. फरक वीस पौंडांचा. म्हणजे भार पूर्णपणे तेलावर होता, धातू धातूला टेकलेलाच नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात दोन आकडे इतके शेजारी येऊन बसल्याची उदाहरणं थोडी आहेत.

टॉवरने काय होतं ते दाखवलं. का होतं ते १८८६ साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजमधल्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने सांगितलं. जर्नलवर भार असतो तेव्हा ते बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी राहत नाही, किंचित एका बाजूला सरकतं. त्यामुळे मधली जागा सगळीकडे सारखी राहत नाही. एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद, पाचरीसारखी होते. फिरणारं जर्नल आपल्या अंगाला चिकटलेलं तेल ओढत त्या अरुंद होत जाणाऱ्या जागेत नेतं. तेल चिकट आहे, झटकन बाजूला पळू शकत नाही, म्हणून तिथे दाब चढतो आणि तो दाब भार उचलतो. जत्रेतल्या अरुंद होत जाणाऱ्या गल्लीत मागून लोक येत राहिले की पुढच्याचं काय होतं, तसं.

यातून तीन गोष्टी निघतात. जागा हवी, गती हवी, आणि तेलाला चिकटपणा हवा. जागाच नसेल तर पाचर होणार नाही. जर्नल नेमकं मध्यावर असेल तर ते भार पेलणार नाही. थोडं ढळलं तरच पेलेल. आणि इंजिन बंद असताना पाचर नसते, म्हणून सुरू करतानाच्या पहिल्या काही क्षणांत धातू धातूवर घासतो. नव्याने बांधलेलं इंजिन सुरू करण्याआधी बेअरिंगला दाट तेल चोपडतात आणि पंप भरून घेतात, त्यामागचं कारण हेच.

मग पंपाचं काम काय? वाढप्याचं. पंगतीत वाढपी जेवत नाही, पण पान रिकामं राहू देत नाही. बेअरिंगच्या कडांनी जेवढं तेल गळून जातं तेवढं नवं पुरवायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. फोर्डच्या 'मॉडेल टी'ला १९०८ पासून १९२७ पर्यंत तेलाचा पंप नव्हता. फ्लायव्हील तेल उडवायचं आणि ते बेअरिंगपर्यंत पोचायचं. अशा दीड कोटी गाड्या झाल्या. त्यांत दाबाचा काटा नव्हता, कारण दाखवायला दाबच नव्हता. इंजिनांचा वेग आणि भार वाढले तसं उडणारं तेल पुरेना, मग क्रँकमध्ये भोकं पाडून पंपाने तेल आत पोचवणं सार्वत्रिक झालं. ती भोकं कुठे पाडायची हेही टॉवरच्या बुचाने शिकवलं होतं: जिथे भार सर्वात जास्त, तिथे नाही.

याच काळात मापाची बाजूही पुढे सरकली. १९०८ साली इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले आणि त्यातून पुन्हा तीन गाड्या जोडून ५०० मैल चालवल्या. कानस लावून भाग बसता करायची मुभा नव्हती. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने त्यासाठी कॅडिलॅकला डेवार ट्रॉफी दिली. भाग अदलाबदलीचे झाले ते माप अदलाबदलीचं झालं म्हणून.

बेअरिंग मात्र अजून हाताने होत होतं. वितळलेला व्हाइट मेटल जागच्या जागी ओतायचा, मग जर्नलला निळा रंग लावून फिरवायचं, जिथे रंग उमटेल तिथे स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. त्या कारागिराच्या मनगटात मोकळीक असायची. पातळ पोलादी पट्टीवर बेअरिंगचा थर दिलेली तयार 'शेल' बेअरिंगं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास झाली. इंग्लंडमध्ये ती बनवणाऱ्यांत टोनी व्हँडरवेल प्रमुख. अमेरिकन परवान्यावर त्याने हा धंदा उभारला, त्याच्या शर्यतीच्या गाडीचं नाव 'थिनवॉल स्पेशल' होतं, आणि पुढे त्याच्याच 'व्हॅनवॉल'ने १९५८ साली फॉर्म्युला वनचं पहिलं कन्स्ट्रक्टर्स अजिंक्यपद जिंकलं. बेअरिंगच्या जाडीवरून शर्यतीच्या गाडीचं बारसं झाल्याचं हे उदाहरण!

शेल आल्यावर कसब हातातून ग्राइंडिंग मशीनकडे गेलं. शेल खरवडायचं नसतं. ते ठरावीक जाडीचंच येतं. म्हणून आता मोकळीक ठरते ती जर्नल किती मापाला घासलं यावरून. जर्नल झिजून अंडाकार झालं की ते दहा थाऊने लहान करतात आणि तेवढं जाड शेल घालतात. नंतर वीस, तीस आणि बहुतेक इंजिनांत चाळीस. चाळीसनंतर सहसा शेल मिळत नाही. म्हणजे क्रँकशाफ्टच्या आयुष्यात घासण्याच्या संधी चार. काढलेला धातू परत येत नाही. शिवाय घासताना जर्नलच्या कडेची गोलाई जपावी लागते. तिथे तीक्ष्ण कोपरा राहिला तर त्याच ठिकाणाहून क्रँकला तडा जातो.

आता काट्याकडे परत येऊ. पंप दर फेरीला ठरावीक तेल पुढे ढकलतो. ते तेल ज्या ज्या फटींतून बाहेर पडतं त्या सगळ्या मिळून जो अडथळा करतात, त्याचं माप म्हणजे काट्यावरचा दाब. आणि फटीतून गळणारं तेल मोकळिकीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दोन थाऊची मोकळीक तीन झाली तर गळती दीडपट होत नाही, जवळजवळ साडेतीनपट होते. चार थाऊ झाली तर आठपट. एका थाऊसाठी एवढा आटापिटा का, याचं उत्तर या घनात आहे.

इथे एक हकीकत सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे अँबेसेडर आहे. तिचं १४८९ घन सेंटिमीटरचं इंजिन इंग्लंडच्या बीएमसीच्या 'बी सिरीज' कुळातलं. याच मापाचं भावंड १९५५ च्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्ये होतं. त्याने इंजिन पूर्ण बांधून घेतलं. क्रँक चाळीसवर गेला होता, म्हणजे शेवटच्या मापावर. गाडी सुरू झाली, थंड असताना दाब उत्तम. अर्ध्या तासाने, गरम झाल्यावर, स्लोवर काटा पाचावर आला आणि लाल दिवा लुकलुकू लागला. सल्ले तयार होतेच. एक म्हणाला, जाड तेल घाला. दुसरा म्हणाला, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक करा. तिसरा म्हणाला, क्रँक चुकीचा घासलाय, आता दुसरा शोधा.

एकेक सल्ला तपासू. रिलीफ व्हॉल्व्ह हा दाबाची कमाल मर्यादा ठरवतो. दाब फार चढला तर तो उघडून जादा तेल चेंबरमध्ये परत सोडतो. पाच पौंडांवर तो बंदच असतो. बंद दरवाजाला आणखी एक कडी लावून घर गरम होत नाही. जाड तेलाने काटा वर येईल हे खरं, कारण जाड तेल फटीतून हळू गळतं. पण फट तिथेच राहील. आणि क्रँक चुकीचा घासलाय हे कुणी मोजलं होतं? कुणीच नाही.

मग इंजिन पुन्हा उघडलं आणि या वेळी प्रत्येक जागा मोजली. मेन बेअरिंगं दोन थाऊच्या आत होती, रॉडचीही. क्रँक निर्दोष होता. कॅमशाफ्टची तीन बेअरिंगं मात्र जुनीच ठेवली होती, ती कुणी पाहिलीच नव्हती. जिथे एक-दोन थाऊ हवे तिथे पाच-सहा निघाले. तेल तिथून धो धो जात होतं. कॅमची नवी बेअरिंगं बसवून, एका रेषेत रीम करून इंजिन परत बांधलं. गरम स्लोवर दाब पंधरा. न मोजता तिसऱ्याचं ऐकलं असतं तर एक चांगला क्रँक भंगारात गेला असता आणि नव्या क्रँकवरही काटा पाचावरच राहिला असता.

आमच्या न्यायशास्त्रात याला चांगले शब्द आहेत. धुरावरून अग्नीचं अनुमान होतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती अभंग आहे. पण उलट, अग्नीवरून धुराचं अनुमान करता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीपासून धूर निघायला ओलं सरपण लागतं. न बोलता मधे येऊन बसलेल्या या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. काट्याचं असंच आहे. दाब चांगला म्हणून बेअरिंग चांगलं, या अनुमानात उपाधी लपल्या आहेत: तेल गरम असेल तर, वेग ठरावीक असेल तर, तेलाच्या वाटा मोकळ्या असतील तर. थंड तेल झिजलेल्या इंजिनातही सत्तर पौंड दाखवतं. आणि मापकाच्या पुढची एखादी वाट कचऱ्याने बंद झाली तर दाब वाढलेला दिसतो, आणि त्या वाटेच्या शेवटचं बेअरिंग कोरडं मरतं. काटा साक्षीदार आहे. तो खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतो.

याची दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर कुणी म्हणेल की मग फट जितकी कमी तितकं बरं. तसं नाही. मोकळीक अर्ध्या थाऊवर आणली तर काटा सुंदर दिसेल. पण तेल वाहणार नाही, उष्णता जाणार नाही, तेल तापून पातळ होईल, धातू फुगेल आणि उरलेली जागाही संपेल. मग इंजिन जाम. १९६२ साली आलेल्या एमजीबीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मेन बेअरिंगची मोकळीक एक ते २.७ थाऊ दिली आहे. एक आकडा दिलेला नाही, किमान आणि कमाल दिलं आहे. दोन्ही कडांना मरण आहे, मधे चालण्याची जागा आहे.

तेव्हा इंजिन बांधणाऱ्याला माझं सांगणं थोडक्यात असं. क्रँक घासायला देण्याआधी मोजा; प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी आणि दोन दिशांनी, कारण ते अंडाकार झिजतं. शेल हातात आल्यावर, कॅप योग्य टॉर्कला आवळून, आतला व्यास मोजा आणि मग ग्राइंडिंगवाल्याला अंतिम माप लिहून द्या. 'दहा काढा' एवढंच सांगू नका. परत आल्यावर पुन्हा मोजा. प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा धागा मिळतो. तो जर्नलवर ठेवून कॅप आवळली की चपटा होतो आणि त्याच्या रुंदीवरून मोकळीक कळते. कॅम, रॉकर शाफ्ट, पंपाची स्वतःची झीज, काहीही गृहीत धरू नका. हे सगळं एका वहीत लिहा. इंजिन बंद झाल्यावर ती जागा पुन्हा दिसणार नाही. नंतर फक्त काटा दिसेल, आणि काट्याला अर्थ असेल तो वहीमुळे.

विल्किन्सनपासून रेनॉल्ड्सपर्यंतचा हा इतिहास आपण सहसा धातूचा इतिहास म्हणून वाचतो. मला तो नेमकी रिकामी जागा करायला शिकण्याचा इतिहास वाटतो. घट्ट बसवणं कुणालाही जमतं, ढिलं ठेवणंही. किती अंतर ठेवायचं हे ठरवून तेवढंच ठेवणं, याला दीडशे वर्षं लागली.

वेळ झाली आहे, दोन प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, हल्लीच्या गाड्यांत फार पातळ तेल घालतात. मग जुन्या गाडीत तेच घातलं तर काय बिघडतं?

उत्तर: हल्लीची इंजिनं त्या तेलासाठीच आखलेली असतात, मोकळीक, पंप, बेअरिंगची रुंदी, सगळं त्या हिशोबाने. तेल आणि फट ही जोडी आहे. जुन्या इंजिनाच्या मॅन्युअलने जो दाटपणा सांगितला आहे तो त्याच्या फटीसाठी सांगितला आहे. जोडीतला एक बदलायचा तर दुसऱ्याला विचारून बदला.

श्रोता: दुकानदार म्हणाला, "इतकी वर्षं करतोय, मोजायला कशाला पाहिजे?" त्याला काय सांगावं?

उत्तर: त्याच्या अनुभवाला नमस्कार करावा आणि मायक्रोमीटर पुढे करावा. खरा जाणकार रागावत नाही. मॉडस्लेसारख्या माणसानेही निकालासाठी बाकावर 'लॉर्ड चॅन्सलर' ठेवला होता, आणि त्याच्या हाताला कुणी अडाणी म्हटलं नाही. आणि दुकानदार फारच रागावला, तर क्रँक काखेत मारून पुढच्या दुकानात जावं. क्रँक तुमचा आहे, आणि त्याच्या संधी चारच आहेत.